पडद्यावरचे पाहुणे

पडद्यावरच्या उद्यानात फिरणाऱ्या एखाद्या इवल्याशा माणसावर टिचकी मारली की त्याची सारी कुंडली समोर उघडते. खिशात पैसे किती उरले आहेत, भूक किती, तहान किती, पाय किती दमले आहेत, किती धाडसाचा खेळ त्याला झेपतो आणि पोट किती हेलकावे सहन करते, हे सारे तेथे मांडलेले असते. त्याच तक्त्याच्या एका कोपऱ्यात त्याच्या मनातील विचार एकेका ओळीत उमटत राहतात. या पाळण्याला एवढे पैसे देणार नाही. ही गाडी फारच भयंकर दिसते. येथे कचरा फार आहे. घरी जायचे आहे, पण बाहेर जाण्याची वाट सापडत नाही. उद्यानात अशी माणसे शेकडोंनी, पुढे पुढे हजारांनी असतात आणि प्रत्येकाचा तक्ता वेगळा असतो.

हा खेळ म्हणजे ‘रोलरकोस्टर टायकून’. १९९९ च्या मार्च महिन्यात तो संगणकासाठी बाजारात आला. त्याचा कर्ता क्रिस सॉयर हा स्कॉटलंडचा. त्याआधी १९९४ मध्ये त्याने रेल्वे, मोटारी, जहाजे आणि विमाने चालवणाऱ्या वाहतूक कंपनीचा ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ हा खेळ रचला होता. त्याचाच पुढील भाग रचावा या विचारात असताना त्याला रोलर कोस्टरने झपाटले, आणि मालवाहतुकीचा बेत बाजूला राहिला. चित्रे सायमन फॉस्टर यांची, संगीत अॅलिस्टर ब्रिंबल यांचे. पण खेळाची सारी यंत्रणा जवळजवळ एकट्या सॉयरने लिहिली, आणि तीही असेंब्ली या यंत्राच्या भाषेला अगदी लगटून असलेल्या भाषेत. घर बांधायला निघालेल्या माणसाने विटाही स्वतःच पाडाव्यात, तसा हा प्रकार. त्याचे फळ असे की त्या काळच्या साध्या संगणकावरही हजारो माणसांचे हिशेब न अडखळता चालत. अमेरिकेत त्या वर्षी सर्वाधिक खपलेल्या संगणक-खेळांत त्याची गणना झाली. २०१६ मध्ये तो मोबाईलवरही आला, त्यामुळे वडिलांनी विद्यार्थिदशेत खेळलेला खेळ आज मुलाच्या हातात दिसला तर त्यात नवल नाही.

व्यापारी घराला या खेळाची पहिली ओळख पटते ती पाळण्यांमुळे नव्हे, हिशेबामुळे. सुरुवात बहुधा कर्जाने होते आणि त्यावर व्याज चालू असते. झाडूवाला, यंत्रदुरुस्तीचा कारागीर, पहारेकरी यांचे पगार द्यावे लागतात. प्रत्येक पाळण्याचा चालवण्याचा खर्च आणि त्याची मिळकत वेगवेगळी दिसते. जाहिरातीवर पैसा टाकावा की नव्या खेळावर, हा प्रश्न सतत उभा असतो. ‘फॉरेस्ट फ्रंटियर्स’ या पहिल्याच उद्यानात पहिल्या वर्षाच्या ऑक्टोबरअखेर किमान २५० पाहुणे उद्यानात असावेत आणि उद्यानाची पत ६०० च्या खाली नसावी, अशी अट असते. नवखा खेळाडू सारे कर्ज पहिल्याच आठवड्यात एका भल्यामोठ्या गाडीवर उधळतो, आणि मग खाद्यपदार्थांचे दुकान मांडण्यापुरतेही पैसे त्याच्याजवळ उरत नाहीत. पेढीवर बसणाऱ्या कोणत्याही आजोबांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही.

परंतु खेळाचा आत्मा आहे तो रुळांची आखणी. एकेक तुकडा जोडत मार्ग रचायचा: स्थानक, साखळीचा चढ, पहिला उतार, वळण, टेकडी, पुन्हा वळण, आणि अखेर परत स्थानक. रोलर कोस्टरच्या गाडीला इंजिन नसते, ही गोष्ट अनेकांच्या लक्षातच येत नाही. साखळी तिला एकदा उंचावर नेऊन सोडते. त्यानंतर संपूर्ण फेरीचा खर्च त्या एका उंचीतून भागवायचा असतो. उंची हेच भांडवल. २० मीटर खाली उतरताना गाडीला ताशी सुमारे ७० किलोमीटरचा वेग मिळतो, तोही घर्षण जमेस न धरता. ४० मीटरवरून तो दुप्पट व्हावा असे वाटते, पण होतो सुमारे १०० किलोमीटर. वेग दुप्पट हवा तर उंची चौपट करावी लागते. शिवाय प्रत्येक टेकडी, प्रत्येक वळण आणि रुळांचे घर्षण त्यातून थोडेथोडे उचलत राहते. म्हणून पुढची टेकडी पहिलीहून ठेंगणी असावी लागते. हे न उमगलेल्या खेळाडूची गाडी टेकडीच्या माथ्याला न पोहोचता मागे घसरते आणि दोन चढांमधल्या खोलगटात झुलत राहते. खेळ त्याला रागावत नाही, व्याख्यानही देत नाही. गाडी नुसती झुलत राहते, आणि खेळाडूला जमाखर्च पुन्हा मांडावा लागतो.

अमेरिकेत या गाड्यांचा व्यवसाय रूढ करणारा गृहस्थही मूळचा व्यापारीच होता. लामार्कस थॉम्पसन याचा इंडियाना प्रांतातील एल्कहार्ट येथे बिनशिवणीच्या मोज्यांचा कारखाना होता. प्रकृती ढासळल्यामुळे त्याने तो सोडला, आणि १८८४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे ‘स्विचबॅक रेल्वे’ सुरू केली. भाडे ५ सेंट, वेग ताशी जेमतेम १० किलोमीटर. गाडी एका मनोऱ्यावरून निघून दुसऱ्या टोकाला पोहोचली की प्रवासी उतरत, सेवक गाडी दुसऱ्या रुळावर नेत आणि मग परतीचा प्रवास सुरू होई. आजच्या मुलाला तो बैलगाडीचा वेग वाटेल. त्या काळी मात्र त्यासाठी लोक रांगा लावून उभे राहत.

वेगाची हाव पुढे वाढली. १८९५ मध्ये त्याच कोनी आयलंडवर ‘फ्लिप फ्लॅप’ नावाची गाडी आली. तिच्यात माणसाला उलटे करून फिरवणारा पूर्ण वर्तुळाकार फेरा होता. वर्तुळ दिसायला निर्दोष, पण माणसाच्या मानेला ते निर्दय ठरते. अशा फेऱ्याच्या माथ्यावरून गाडी जेमतेम निसटायची म्हटली तरी तळाशी शिरताना प्रवाशाला स्वतःच्या वजनाच्या सहापट भार सोसावा लागतो, आणि त्या गाडीत भार त्याहूनही पुष्कळ अधिक असे. माना आखडल्याच्या तक्रारी येत. आकृती कागदावर सुंदर होती. तिच्यात बसणाऱ्याचा विचार मात्र मागाहून आला. हा दोष समाधानकारकपणे दूर व्हायला ऐंशी वर्षे लागली. जर्मन अभियंता वेर्नर स्टेंगेल याने कॅलिफोर्नियातील मॅजिक माउंटन उद्यानाच्या ‘रिव्होल्यूशन’ या १९७६ च्या गाडीसाठी फेऱ्याला अश्रूच्या थेंबासारखा आकार दिला. तळाशी वळण विस्तीर्ण आणि माथ्याकडे आवळत गेलेले. वेग जेथे सर्वाधिक तेथे वाकण सर्वांत सौम्य, म्हणून मानेवर येणारा भार आवाक्यात राहतो. खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात २०१३ पासून धावणाऱ्या ‘नायट्रो’ गाडीत जी मराठी कुटुंबे उलटी होऊन सुखरूप परत येतात, तीही याच शहाणपणाच्या बळावर.

सॉयरच्या खेळात हे शहाणपण तीन आकड्यांत उतरले आहे. गाडीची एक फेरी पूर्ण झाली की खेळ तिला रोमांच, तीव्रता आणि मळमळ असे तीन गुण देतो. त्यांच्या सोबत वेग, उतारांची संख्या, सर्वांत मोठ्या उताराची उंची, प्रवासी आसनापासून किती क्षण उचलला जातो आणि वळणांवर बाजूने किती फेकला जातो, याचीही नोंद असते. नवख्याची समजूत अशी असते की तीव्रता वाढवली की रोमांच आपोआप वाढेल. काही अंतरापर्यंत ते खरे ठरते. त्यापुढे मात्र उलटे घडू लागते. सपाट रुळावरून गाडी वेगाने वळवली, म्हणजे रूळ आतल्या बाजूला कलता ठेवला नाही, तर बाजूचा धक्का इतका वाढतो की तीव्रतेचा आकडा उसळतो आणि रोमांचाचा घसरतो. तीव्रता १० च्या पलीकडे गेली की बहुतेक पाहुणे दारापर्यंत येतात, वर पाहतात आणि पाठ फिरवतात. लाखमोलाची गाडी रिकामी धावत राहते. त्याच वेळी शेजारची छोटी, मंद, झाडांतून वळसे घेत जाणारी लाकडी गाडी दिवसभर पैसे मिळवते. खेळाडूचा अहंकार उंच गाडीत गुंतलेला असतो. गिऱ्हाइकाचे मन दुसरीकडेच असते.

या साऱ्यात चाचणीचा भाग सर्वांत कमी आकर्षक आहे आणि सर्वांत मोलाचा. मार्ग पूर्ण झाला की गाडी आधी रिकामी सोडायची. ती पाहायची, आकडे वाचायचे, चुकलेला तुकडा काढून दुसरा बसवायचा, पुन्हा रिकामी सोडायची. चाचणी न घेता थेट दार उघडण्याची मुभाही खेळ देतो, आणि घाईला आलेला खेळाडू ती घेतो. मग अर्धवट सोडलेल्या रुळावरून किंवा वेग न आवरलेल्या वळणावरून गाडी माणसांसकट खाली जाते.

जैन वाचकाला येथे एक जुना शब्द आठवल्यावाचून राहणार नाही: प्रमाद. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राणहरणाच्या आधी प्रमादाचा उल्लेख येतो, आणि तो आधी येतो यालाच अर्थ आहे. गृहस्थाकडून होणाऱ्या हिंसेचे आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी असे चार प्रकार परंपरेने सांगितले. घरसंसारात आणि उद्योगधंद्यात काही हिंसा टळत नाही हे मान्य केले. पण उद्योगी हिंसेची ही सवलत निष्काळजी माणसासाठी नाही. कारखान्यातील यंत्राला जाळी बसवण्याचे राहून गेले आणि कामगाराचा हात गेला, तर ‘धंद्यात असे होतेच’ हे उत्तर पुरत नाही. रिकामी गाडी आधी सोडण्याचा कंटाळा याच जातीचा आहे, पडद्यावर असला तरी.

चाचणीनेही सारे भागत नाही, हे खेळ पुढे दाखवून देतो. गाड्या जुन्या होतात, त्यांचा भरवसा वर्षागणिक उतरत जातो. कारागिराने किती वेळाने तपासणी करावी हे खेळाडूला ठरवावे लागते. मुळात ते अंतर ३० मिनिटांचे असते. ते १० मिनिटांवर आणता येते, दोन तासांपर्यंत लांबवता येते, आणि ‘कधीच नको’ असाही एक पर्याय यादीत आहे. सर्वांत वाईट बिघाड ब्रेकचा. स्थानकात एक गाडी माणसे भरत उभी असते आणि दुसरी पूर्ण वेगाने मागून येऊन आदळते. मुरलेले खेळाडू म्हणून ब्रेकवर विसंबतच नाहीत. ते मार्गाचा शेवटच असा आखतात की चढ आणि वळणे यांत गाडीचा वेग खर्ची पडावा आणि ब्रेक निकामी झाले तरी ती स्थानकात पावलापावलाने शिरावी. अशा आखणीसाठी खेळ वेगळे गुण देत नाही. पाहुण्यांच्या विचारांतही तिची ओळ कधी उमटत नाही. न घडलेल्या अपघाताबद्दल कोण आभार मानणार?

छत्रीचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही, आणि व्यापारी घरात त्यावर दोन मते होतील. खेळात पाऊस पडतो. माहिती केंद्रात छत्र्या विक्रीस असतात. ऊन असताना कोणी घेत नाही. पाऊस सुरू झाला की किंमत कितीतरी पटींनी वाढवली तरी पाहुणे मुकाट्याने घेतात. हे गुपित खेळाडूंमध्ये इतके प्रसिद्ध आहे की ढग दिसताच छत्रीचा भाव चढवणे ही हुशारीची पहिली खूण समजली जाते. स्वच्छतागृहाला पैसे लावणे हा दुसरा तसाच उपाय. एक पक्ष म्हणेल, मागणी वाढली की भाव वाढतो, यात अधर्म कोणता? कांद्याचा वाढत नाही का? दुसरा पक्ष विचारील की कांदा महाग झाला तर माणूस आठवडाभर भागवतो, भिजणारा माणूस कसे भागवणार, आणि स्वच्छतागृहाच्या दारात उभा असलेला तर मुळीच कसे? हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात धर्ममार्गाला लागलेल्या गृहस्थाचे ३५ गुण सांगितले, त्यांत पहिले स्थान न्यायाने मिळवलेल्या वैभवाला दिले. दया, दान, तप हे सारे त्या पायरीनंतरचे. अडचणीत सापडलेल्याकडून घेतलेला चढा भाव न्यायाचा की संधीचा, याचा निवाडा खेळ करत नाही. तो फक्त मिळकतीचा आकडा हिरवा दाखवतो. चौदा वर्षांचा मुलगा हा आकडा पाहून खूश होत असेल, तर त्याला छत्रीचा भाव विचारणे हे त्या घरातील वडीलधाऱ्यांचे काम आहे. उत्तर काय द्यायचे हे त्यालाच ठरवू द्यावे. पण प्रश्न त्याच्या कानावर पडला पाहिजे.

आता उरतो तो सर्वांत अप्रिय भाग. या खेळात पाहुण्याला चिमट्याने उचलता येते. उचललेला माणूस हवेत पाय झाडत लटकतो. त्याला तळ्यात सोडले तर तो बुडतो, आणि तशी बातमी पडद्याच्या तळाशी सरकत येते. असंख्य मुलांनी हे करून पाहिले आहे आणि हसत हसत एकमेकांना सांगितले आहे. मुद्दाम अर्धा मार्ग बांधून गाडी हवेत उडवणे हाही एक आवडता उद्योग. आईने टोकले की उत्तर तयार असते: खरे कोण मेले?

या उत्तरापुढे मोठ्या माणसांची वाणी बहुधा खुंटते. पण जैन परंपरेने हा प्रश्न संगणक येण्याआधी हजार वर्षे हाताळला आहे. यशोधर राजाची कथा सोमदेवसूरींनी दहाव्या शतकात ‘यशस्तिलक’ या ग्रंथात सांगितली. त्याच शतकात पुष्पदंताने अपभ्रंशात सांगितली. दुःस्वप्नाचे अरिष्ट टळावे म्हणून राजमाता चंद्रमती पशुबळीचा आग्रह धरते. राजा जीवहत्येला तयार नसतो, पण आईचा शब्दही मोडवत नाही. मग तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करतात आणि त्याचा बळी देतात. रक्त नाही, प्राण नाही, नुसते मळलेले पीठ. तरीही त्या कृत्याच्या ओझ्याने मायलेक मोर, कुत्रा अशा तिर्यंच योनींत जन्मामागून जन्म भोगत फिरतात. शिक्षा कठोर वाटते, आणि कथाकारांना ती कठोर वाटावी असेच अभिप्रेत होते. द्रव्यहिंसा तेथे शून्य होती. मारण्याचा भाव मात्र पुरेपूर होता.

पडद्यावरचा पाहुणा हा पिठाचा कोंबडा आहे असे म्हणून विषय मिटवता येईल, पण ते प्रामाणिक होणार नाही. दोहोंत फरक आहे. यशोधराने कोंबड्याला जीव कल्पून बळी दिला. मुलगा बहुतेक वेळा चौकटीतील ठिपका पाण्यात टाकून काय होते एवढेच पाहतो. कुतूहल आणि क्रौर्य एक नव्हेत. गाडी चुकून कोसळली तेव्हा चरकलेला मुलगा आणि मुद्दाम कोसळवून टाळ्या पिटणारा मुलगा यांच्या पडद्यावरचे दृश्य हुबेहूब सारखे असते. तेवढ्यावरून निकाल देणारे वडील घाई करतात. अनर्थदंडविरमण व्रतात अपध्यानाचा निषेध आहे. प्रयोजन नसताना मनात दुसऱ्याचे वाईट घोळवत बसणे म्हणजे अपध्यान. एकदा पाहिले आणि सोडले, तर ते घोळवणे नव्हे. रोज तेच पाहण्यासाठी खेळ उघडला जात असेल, तर मात्र मोबाईल काढून घेण्यापूर्वी मुलाजवळ बसून त्याचे उद्यान नीट पाहावे. तेथे रूळ किती आहेत आणि तळी किती, यावरून बरेच कळते.

त्या चिमट्याविषयी एक गोष्ट मात्र अनेकांच्या ध्यानात आलेली नसते. तो पडद्यावर मोकळा पडलेला नसतो. आधी त्या माणसावर टिचकी मारावी लागते, त्याचा तक्ता उघडावा लागतो, आणि चिमटा त्या तक्त्याच्याच कडेला असतो. पाहुण्याला उचलणाऱ्या प्रत्येक हातासमोर त्याच्याविषयीची सारी माहिती तेव्हा उघडी असते. त्याला तहान लागली आहे, त्याच्याजवळ थोडे पैसे उरले आहेत, आणि विचारांच्या रकान्यात कित्येकदा एकच ओळ पुन्हा पुन्हा आलेली असते: बाहेर जाण्याची वाट सापडत नाही. चिमटा त्याच्या उपयोगाचा असतो तो अशा वेळी. वाट चुकून तासन्‌तास त्याच त्या पायवाटेवर फिरणाऱ्या माणसाला अलगद उचलायचे आणि उद्यानाच्या फाटकापाशी, घराकडे तोंड करून, खाली ठेवायचे.